डीडच्या कॉपीसाठी १०० डॉलर घालवू नका
अमेरिकेत घर घेतलं की थोड्याच दिवसांत एकदम सरकारी वाटणारं पत्र येतं, डीडची, म्हणजे घराच्या मालकीच्या दस्ताची, कॉपी हवी तर १०० डॉलरच्या आसपास भरा, मी तर चेकबुक काढून बसलो होतो! काही गरज नाही.

१. काउंटी रेकॉर्डरची, म्हणजे जिल्ह्याच्या दस्त नोंदणी कार्यालयाची, साइट उघडा, काही राज्यांत रजिस्टर ऑफ डीड्स म्हणतात, कनेक्टिकटमध्ये तर टाउन क्लर्ककडे असतं.
२. ग्रँटी म्हणजे घेणाऱ्याच्या रकान्यात आधी आडनाव टाका. आपल्या नावांचं स्पेलिंग कधीकधी भलतंच चढवलेलं असतं, सापडलं नाही तर ग्रँटरमध्ये विकणाऱ्याचं नाव टाकून बघा.
३. डॉक्युमेंट नंबर मिळाला की कॉपी बहुतेक ठिकाणी पानामागे किरकोळ पैशात मिळते.

कोर्टकामाला लागणार असेल तर मात्र सर्टिफाइड कॉपीच मागा.