नाण्याच्या दोन्ही बाजू एकाच फोटोत कशा जोडाव्यात

शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) विकायची असो, जाणकाराला दाखवायची असो की नुसती नोंद ठेवायची असो, दोन्ही बाजू शेजारीशेजारी दिसल्या की निम्मे प्रश्न उरत नाहीत. जोडणं पाच मिनिटांचं काम आहे. घोळ होतो तो आधीच: एका फोटोत नाणं मोठं, दुसऱ्यात लहान, आणि उजेड दोघांत वेगवेगळ्या दिशांनी.

नाणं चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका; तांब्यावरचा जुना थर गेला की किंमतही गेली. कडेला धरून उचला. हातातून निसटलं तर पडायला खाली टॉवेलाची घडी असू द्या, सोलापुरात टॉवेलाला काय तोटा! फोटो मात्र त्यावर नको, कारण धाग्यांच्या गर्दीत नाण्याची कड हरवते. पांढऱ्या कागदावर नाण्याहून लहान खोडरबर ठेवा आणि त्यावर नाणं. सेंटिमीटरभर उंची मिळाली की सावली कडेला चिकटत नाही.

आपल्याकडचं थेट ऊन चांदीच्या रुपयावर पांढरा झोत पाडतं आणि नेमकं साल दिसेनासं होतं. उत्तरेकडची खिडकी उत्तम. उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून तिरका येऊ द्या.

मोबाईल सारख्या उंचीच्या पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडवा टाका, भिंग मधल्या फटीवर, नाण्यापासून 20-25 सेंमी वर. झूम 2 पट. त्याहून जवळ नेलात तर बरेच फोन गुपचूप रुंद भिंगावर जातात, गोल नाणं चेपल्यासारखं दिसतं, वर फोनचीच सावली. नाण्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस लॉक होतो, आणि 3 सेकंदांचा टायमर लावा. पांढऱ्या कागदामुळे नाणं काळपट आलं तर उजळपणा किंचित वाढवा.

आता फक्त नाणं उलटा, बाकी काही हलवू नका. शिवराई हाताने ठोकलेली, तिच्या दोन ठशांचा मेळ बसलेला नसतो. ‘श्री राजा शिव’ सरळ ठेवून नाणं पलटलं तर ‘छत्रपति’ बहुधा तिरपं किंवा उलटं येतं. ते तिथेच, खोडरबरावर फिरवून सरळ करा. नंतर संगणकावर फिरवलं तर उजेडही सोबत फिरतो. तो खालून आल्यासारखा झाला की उठावाची अक्षरं चक्क खोदलेली वाटू लागतात.

कापताना अंदाजपंचे नको. दोन्ही फोटोंवर एकाच मापाचा चौकोन घ्या, समजा 1400 × 1400 पिक्सेल, नाणं मधोमध. मग दोन्ही 1000 × 1000 वर आणा. संगणकावर इरफानव्ह्यू या फोटो बघायच्या प्रोग्रॅमच्या ‘इमेज’ मेन्यूत ‘क्रिएट पॅनोरमा इमेज’ आहे: आडवी मांडणी निवडा, आधी ‘श्री राजा शिव’ची फाईल, मग ‘छत्रपति’ची. 2000 × 1000 चा एक फोटो तयार. मोबाईलवर कोलाजचं कुठलंही अॅप चालेल, फक्त दोन खणांची मांडणी घ्या, किनार शून्यावर आणा आणि अॅपने कड कापली नाही ना ते बघा.

पार्श्वभूमी गोल कापून टाकायचा मोह यंत्रावर पाडलेल्या नाण्यांपुरता ठेवा. शिवराईची वेडीवाकडी कड ही तिची ओळख, ती गोलात कापली जाते.

व्हॉट्सअॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो दाबला जाऊन बारीक अक्षरं पुसट होतात. सोबत वजन आणि व्यास लिहा. फोटोवरून ते कोणालाच कळत नाही.