परदेशातल्या वादळी वर्षाचा हिशेब कसा मांडावा

परदेशात नोकरी करून सोलापूरला परतलेल्या माणसाला पहिल्या पंधरवड्यात ‘कसे गेले वर्ष?’ हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो आणि परतणे जानेवारीत झाले असेल, तर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, गर्दीत भेटणारे अर्धे गाव तोच प्रश्न विचारते. उत्तर देऊन देऊन ते घासून गुळगुळीत होते. कोणी ‘फार हाल झाले’ म्हणतो, कोणी ‘चांगलेच झाले’ म्हणतो, आणि महिनाभराने त्याला स्वतःलाही तेच खरे वाटू लागते. वर्ष सुरळीत गेले असेल, तर यात फारसे बिघडत नाही. पगार थकला, खोली बदलली, कंपनीचा मालक बदलला, घरी काही अघटित घडले, अशा वर्षाबाबत मात्र ही तयार गोष्ट घातक ठरते, कारण पुन्हा जायचे की इथेच काम पाहायचे, कोणाकडून किती येणे आहे आणि कोणाचे किती देणे आहे, हे सगळे तिच्यावरच ठरू लागते. म्हणून गोष्ट घट्ट होण्याआधी हिशेब कागदावर उतरवावा. मी २०२४ साली दुबईत हॉटेलांचे टॉवेल आणि चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत काम केले, त्यामुळे पुढील उदाहरणे आणि नियम संयुक्त अरब अमिरातीतले आहेत. ओमान, कतार किंवा सौदी अरेबियात नियम निराळे असतील, पण हिशेबाची पद्धत बदलण्याचे कारण नाही.

आरंभ तारखांपासून करावा, भावनांपासून नव्हे. एका वहीत बारा महिन्यांची बारा पाने करावीत आणि आधी फक्त पक्क्या तारखा लिहाव्यात: विमानात बसल्याची, कामावर रुजू झाल्याची, प्रत्येक पगार खात्यात जमा झाल्याची, खोली बदलल्याची, राजीनामा किंवा नोटीस दिल्याची, व्हिसा रद्द झाल्याची. दुबईच्या विमानतळावर स्वयंचलित दारातून गेल्यास पासपोर्टवर शिक्का उमटतोच असे नाही, म्हणून तिकिटे आणि बोर्डिंग पास जपून ठेवावेत. मग सर्वांना ठाऊक असलेल्या घटना खुंट्यांसारख्या रोवाव्यात. २०२४ मध्ये तिथे ११ मार्चला रमझान सुरू झाला आणि कामाचे तास दोनने कमी झाले. १६ एप्रिलला असा पाऊस कोसळला की अल ऐनजवळच्या खत्म अल शकला येथे चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटरची नोंद झाली, म्हणजे १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वाधिक. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास मनाई होती आणि १ सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंत व्हिसाची मुदत उलटलेल्यांसाठी माफीची सवलत होती. या खुंट्यांच्या आधाराने ‘पावसाच्या आधी की नंतर’ हे आठवणे सोपे जाते.

हे केल्याने काय साधते, ते एका प्रसंगाने स्पष्ट होईल. आमच्या खोलीतल्या एका सहकाऱ्याची ठाम समजूत होती की पगार थकला तो पावसामुळे. पाऊस झाला तेव्हा हॉटेलांच्या गाड्या पाण्यात अडकल्या, धुवायचे कापड आले नाही, आणि पाणी ओसरल्यावर ओल्या, कुबट वास मारणाऱ्या टॉवेलांचे ढीग एकदम येऊन पडले. ते सगळे इतके ठळक होते की त्यानंतरची प्रत्येक अडचण त्याने पावसाच्या खात्यावर टाकली होती. बँकेकडून आलेले पगाराचे संदेश त्याच्या फोनमध्ये होते. ते एकाखाली एक उतरवून काढले, तेव्हा पगाराची तारीख फेब्रुवारीपासूनच सरकू लागल्याचे दिसले. आधी चार दिवस, मग नऊ, मग पंधरवडा. व्यवस्थापनाला पावसाने केवळ निमित्त मिळवून दिले होते. दुर्दैवाने फसलेला आणि डळमळीत कंपनीत राहिलेला, या दोन माणसांनी पुढच्या वेळी घ्यायच्या खबरदाऱ्या अगदी वेगळ्या असतात, आणि आपण त्यांपैकी कोण हे सांगणारा कागद बहुधा आपल्याच खिशात असतो.

फोनमधल्या छायाचित्रांवर मात्र फार विसंबू नये. सुट्टीच्या दिवशी बुर्ज खलिफासमोर काढलेले फोटो पन्नास निघतात आणि आठ जणांच्या खोलीचा एकही निघत नाही. त्यापेक्षा घरी पाठवलेले आवाजी संदेश क्रमाने ऐकावेत. तिथली वेळ आपल्यापेक्षा दीड तासाने मागे असते, त्यामुळे घरी रात्री साडेबाराला पोहोचलेला संदेश तिकडून अकराला, म्हणजे दुसरी पाळी संपताना पाठवलेला असतो. कोणत्या महिन्यात बोलणे तुटक होत गेले आणि कोणत्या महिन्यात ‘बरा आहे’ एवढेच उरले, हे ऐकताना अवघडल्यासारखे होते, तरीही वहीत त्या त्या पानावर एक ओळ लिहून ठेवावी.

आता पैसा. बहुतेक जण एकूण पगाराला बाराने गुणतात, रुपयांत फिरवतात आणि तो आकडा घरात सांगतात. तो आकडा कोणाच्याही उपयोगाचा नाही. आधी पैसे पाठवल्याच्या पावत्या तारखेनुसार लावाव्यात आणि प्रत्येक पावतीवर दिरहम, त्या दिवसाचा भाव आणि हाती पडलेले रुपये हे तिन्ही पाहावेत. दिरहम अमेरिकी डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला असल्याने रुपया डॉलरसमोर घसरला की दिरहमही महागतो. २०२४ मध्ये तो साधारण साडेबावीस ते साडेतेवीस रुपयांच्या दरम्यान राहिला. मग जाण्याआधीचा खर्च मांडावा: एजंटाचे शुल्क, वैद्यकीय तपासणी, प्रमाणपत्रांचे साक्षांकन, मुंबईपर्यंतच्या फेऱ्या, आणि यासाठी सोने तारण ठेवले असेल किंवा भिशी आधी उचलली असेल, तर त्याचे व्याज किंवा त्यातला तोटा. त्यानंतर तिथला खाण्याचा, फोनचा आणि हातउसन्याचा हिशेब. आणि शेवटी, लोक हमखास टाळतात तो आकडा: त्याच बारा महिन्यांत अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत, नाहीतर पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात आपण काम केले असते, तर घरखर्च भागून किती उरले असते. परदेशात शिल्लक पडलेल्या रकमेतून ही रक्कम वजा केल्यावर जे राहते, ती त्या वर्षाची खरी कमाई. ती अपेक्षेपेक्षा लहान निघते, कधी उणेही निघते. तो आकडा वहीत लिहावा आणि निदान जोडीदाराला तरी दाखवावा.

येणे बाकी आहे का, हे याच बैठकीत तपासावे. अमिरातीत २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू असलेल्या कामगार कायद्यानुसार (दुबईतील डीआयएफसी या वित्त केंद्रासारखी मोजकी क्षेत्रे आणि घरकामगार यांचे नियम वेगळे आहेत) सलग एक वर्ष पूर्ण करणाऱ्याला पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे एकवीस दिवसांच्या मूळ पगाराइतकी ग्रॅच्युइटी मिळते. मूळ पगार १,२०० दिरहम असेल, तर दिवसाचे ४० आणि एकवीस दिवसांचे ८४० दिरहम झाले. भाव २३ धरला, तर १९,३२० रुपये. इथे तारखांची वही पुन्हा कामाला येते, कारण बिनपगारी गैरहजेरीचे दिवस सेवेत धरले जात नाहीत आणि वर्षाला काही दिवस कमी पडले, तर हक्कच राहत नाही. न घेतलेल्या रजेचा पगार वेगळा मागावा. नोकरी संपल्यापासून चौदा दिवसांत सर्व देणी चुकती करणे मालकावर बंधनकारक आहे आणि दाव्यासाठी नोकरी संपल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, तेव्हा ‘पाहू सावकाश’ म्हणून वही कपाटात टाकू नये. मालक दाद देत नसेल, तर तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार करता येते आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवरही प्रकरण नोंदवता येते.

अजून परतला नसाल, तर एक गोष्ट आवर्जून करावी. तिथले सिमकार्ड बंद होण्यापूर्वी बँकेच्या खात्याचे वर्षभराचे उतारे उतरवून घ्यावेत, कारण ओटीपी त्याच क्रमांकावर येतो आणि तो गेला की खात्याचे दार इथून उघडणे महाकठीण होते. क्रेडिट कार्ड किंवा कर्ज असेल, तर काहीही देणे बाकी नसल्याचे बँकेचे पत्र घ्यावे. थकबाकी तशीच राहिली, तर पुढच्या खेपेला विमानतळावरच अडवणूक होऊ शकते.

कराच्या बाबतीत लोकांच्या डोक्यात ‘१८२ दिवस’ (आर्थिक वर्षात इतके दिवस भारतात राहिले की रहिवासी) एवढाच मंत्र असतो आणि तो अर्धाच आहे. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असल्याने जानेवारी ते डिसेंबर बाहेर राहिलेल्या माणसाचे वर्ष दोन भागांत चिरले जाते. पहिला भाग ज्या आर्थिक वर्षात येतो, त्यात जाण्याआधी तो एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत भारतातच होता, म्हणून रहिवासी ठरतो. दुसरा भाग ज्या आर्थिक वर्षात येतो, त्यात कायमचे परतून जानेवारी ते मार्च इथे राहिल्यास, त्या वर्षी ६० दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात वास्तव्य, ही दुसरी कसोटी लागू होऊ शकते, आणि मग तो त्याही वर्षी रहिवासी ठरू शकतो. सर्वसाधारण रहिवाशाला जगभरातले उत्पन्न आणि परदेशातली बँकखाती विवरणपत्रात दाखवावी लागतात. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, तरी तो कसा लागू पडेल हे सीएकडूनच ठरवून घ्यावे, आणि त्यांच्याकडे जाताना ही वही सोबत न्यावी. एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयाचे रुपयांतले, खाते असेल, तर कायम परतल्यावर ते रहिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते किंवा रक्कम आरएफसी, म्हणजे परतलेल्याच्या परकीय चलनातल्या, खात्यात वळवता येते. बँकेला न कळवता ते तसेच चालू ठेवणे नियमात बसत नाही.

आकडे मांडून झाल्यावर घटनांची छाननी करावी. वहीतल्या प्रत्येक वाईट नोंदीपुढे ती कोणामुळे घडली, हे लिहावे: निसर्ग किंवा सरकारी धोरण, मालक किंवा एजंट, आपला स्वतःचा निर्णय, अथवा निव्वळ योगायोग. बऱ्याच नोंदींत दोन कारणे निघतील, ती दोन्ही लिहावीत. चांगल्या नोंदींनाही हीच कसोटी लावावी, कारण यश तेवढे आपल्या हुशारीचे आणि अपयश नशिबाचे मानण्याची खोड सर्वांनाच असते. हिशेब मांडताना स्वतःला फार मोठ्या मापानेही मोजू नये. सोलापुरात परदेशाचा विषय निघाला की कोणीतरी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव काढतोच. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते आणि १९४२ साली तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी आदर असावा, पण पोटासाठी बाहेर पडलेल्या माणसाने आपले वर्ष त्यांच्या शेजारी ठेवून खट्टू होण्यात काही अर्थ नाही.

या सगळ्यात घरच्यांचे वर्ष हमखास गळून पडते. बारा पानांच्या डाव्या बाजूला आपले आणि उजव्या बाजूला घरचे लिहावे, आणि उजवी बाजू आपण लिहू नये. ती आईने, पत्नीने किंवा वहिनीने सांगावी. आमच्या घरी आईने जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर वर्षभराच्या नोंदी केल्या होत्या: गॅस कधी संपला, पाणी किती दिवसांआड आले, वडिलांची साखर किती निघाली, मामांकडून कधी आणि किती घेतले. मामांकडून घेतल्याचे मला दुबईत कोणी कळवले नव्हते आणि मी पगार थकल्याचे घरी कळवले नव्हते. दोन्ही नोंदी समोरासमोर आल्या तेव्हा त्या एकाच आठवड्यातल्या निघाल्या. असे काही निघाले, तर कोणाचे चुकले याची चर्चा त्या दिवशी करू नये, नोंद पुरी करून उठावे.

प्रकृतीसाठी फार लिहिण्याची गरज नाही: जातानाचे आणि येतानाचे वजन, रक्तदाब, साखर आणि झोप. परतल्यावरही कित्येक आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर ‘हवामान बदलले’ म्हणून सोडून देऊ नये. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येते.

कामाचा भाग वेगळ्या एका पानावर काढावा, कारण तो दुसऱ्यांना दाखवायचा असतो. ‘गल्फ रिटर्न’ या दोन शब्दांवर इथला कारखानदार भाळत नाही. कोणती यंत्रे चालवली, पाळीत किती माणसे हाताखाली होती, किती किलो कापड निघत असे, सुरक्षिततेचे कोणते प्रशिक्षण घेतले, हे तो विचारतो, आणि टॉवेलच्या धंद्यात मुरलेल्या गावात तर जरा जास्तच बारकाईने विचारतो. अनुभवपत्र मिळाले नसेल, तर ईमेलने मागावे. नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्यांवरही वेळ निभावते.

पुन्हा जाण्याचा विचार या सगळ्यानंतरच करावा. तो ठरलाच, तर एजंटाचे नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते पाहावे. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येतात, आणि त्याची पावती मागणे हा आपला हक्क आहे. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट ईसीआर प्रकारचा असतो, त्यांना नोकरीसाठी अमिरातीला जाण्याआधी भारत सरकारची परवानगी घ्यावी लागते आणि सोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमाही काढावा लागतो. नव्या करारात एकूण पगारापेक्षा मूळ पगाराच्या आकड्यावर आधी बोट ठेवावे, कारण ग्रॅच्युइटी त्याच आकड्यावर मोजली जाते. पगाराची तारीख, खोलीत किती जण आणि परतीचे तिकीट कोणाचे, हेही सही करण्याआधी विचारून लेखी घ्यावे, आणि जुन्या वहीत ज्या महिन्यापासून पगार सरकू लागला होता त्या पानावर एजंटासाठी आणखी कोणता प्रश्न निघतो, तेही पाहून घ्यावे.