सांगलीचे जुने फोटो शोधताय? 'दक्षिण सातारा' टाकून बघा

कॉलेज लायब्ररीच्या डिजिटल आर्काइव्हमध्ये नुसतं 'सांगली' टाकून बसू नका, मी तासभर तेच केलं. आपला जिल्हा १९४९ ते १९६० 'दक्षिण सातारा' होता, तेव्हाच्या फोटोमागं तेच नाव असू शकतं आणि कॅटलॉगमध्ये पण तसंच चढतं, मग सापडणार कसं? फोटोवर तारीख नसेल तर कृष्णेवर आयर्विन पूल दिसतोय का बघा, तो १९२९ चा, म्हणजे फोटो त्यानंतरचाच. आणि आर्काइव्हमधलं जुनं नाट्यपद ऐकताना मधेच तुटलं तर फाईल खराब समजू नका हां, ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे) जुन्या ग्रामोफोन तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, दुसरी बाजू बऱ्याचदा वेगळ्या फाईलमध्ये असते. सापडलं की नोंद क्रमांक तेवढा लिहून ठेवा.