इंजिन माउंटिंग थेट बनवणाऱ्याकडून मागवताय? मग या चुका टाळा

इंजिन गाडीच्या बॉडीला ज्याच्यावर टेकवलेलं असतं तो रबर आणि लोखंडाचा नग, गॅरेजवाले याला फाउंडेशन म्हणतात, काउंटरवर माउंटिंग म्हणतात आणि कॅटलॉगमध्ये इंजिन माउंट छापलेलं असतं, वस्तू एकच. कोल्हापुरात स्पेअरचं दुकान आहे माझं, बरीच वर्षं हा माल पुण्याच्या नाना पेठेतून नाहीतर दिल्लीच्या काश्मिरी गेटवरून घ्यायचो. मग डोक्यात आलं की मधला माणूस काढला तर नगामागे चांगले पैसे सुटतील, म्हणून एका रबर मोल्डिंगवाल्याला गाठला आणि पहिल्याच दमात १०० नगांची ऑर्डर दिली. तीन महिन्यांत २३ परत आले. आता गंमत अशी की ते २३ च्या २३ काही त्या कंपनीचे दोष नव्हते, काही माझे होते आणि काही आमच्या मेकॅनिक मंडळींचे, पण हे कळेपर्यंत मी त्या माणसाशी फोनवर इतका भांडलो होतो की परत बोलायला तोंड राहिलं नव्हतं.

माझी पहिली चूक, आणि हीच सगळ्यात जास्त लोक करतात, ती म्हणजे गाडीच्या नावावर ऑर्डर देणं. "स्विफ्टचं इंजिन साइडचं माउंटिंग, ५० नग" असं व्हॉट्सअपवर टाकलं आणि मोकळा झालो. आता स्विफ्ट म्हणजे कुठली? २००५ ला आली तेव्हा १.३ पेट्रोल होती, २००७ ला डिझेल आलं, ते फियाटचं १२४८ सीसी इंजिन, २०१० ला पेट्रोलमध्ये १.२ के सिरीज आली, २०२० ला बीएस६ या प्रदूषणाच्या नियमाबरोबर डिझेल बंद झालं आणि २०२४ च्या नव्या स्विफ्टमध्ये तर इंजिनच तीन सिलेंडरचं आहे. नाव एकच आणि इंजिनं चार! डिझेल इंजिन वजनाला जास्त, हादरा पण जास्त, त्यामुळं त्याचं रबर वेगळं. शिवाय एका गाडीत माउंटिंग एक नसतं, इंजिनच्या बाजूला एक, गिअरबॉक्सच्या बाजूला एक आणि खाली इंजिन पुढंमागं झुलू नये म्हणून टॉर्क रॉड. त्यामुळं आता मी ऑर्डरमध्ये गाडीच्या कंपनीचा ओरिजिनल पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहितो, मॉडेलचं साल आणि इंजिन लिहितो, आणि नवा ओरिजिनल नग कुरिअरनं पाठवतो. गाडीतून काढलेला जुना नग नमुना म्हणून पाठवू नका, कारण त्याचं रबर इंजिनच्या वजनानं आधीच दबून खाली गेलेलं असतं, त्याची उंची मोजून साचा बनवला तर नव्या मालात इंजिन पहिल्या दिवसापासून खालीच राहणार.

दुसरी चूक आमच्या अख्ख्या धंद्याचीच आहे. माउंटिंग हातात घ्यायचं, अंगठ्यानं दाबायचं आणि "कडक आहे, टिकंल" म्हणायचं. अहो ते काय खुर्चीचा पाय आहे का, ती एक स्प्रिंग आहे! इंजिनचं वजन धरायचं हे तिचं निम्मं काम, हादरा बॉडीत जाऊ द्यायचा नाही हे उरलेलं निम्मं. हिशोब करून बघा, चार सिलेंडरचं इंजिन ८०० आरपीएमला आयडलवर असलं की सेकंदाला साधारण २७ ठोके पडतात, तीन सिलेंडरला २०. ठोका जितका सावकाश तितका तो अडवायला रबर मऊ लागतं, म्हणून तीन सिलेंडरच्या गाडीत जरा कडक माउंटिंग बसवलं की सिग्नलला एसी चालू करून उभं राहिलं की स्टिअरिंग, सीट, आरसा सगळं थरथरतं. मग गिऱ्हाईक परत येतं आणि म्हणतं जुनं फाटकं होतं तेच बरं होतं. हेवी ड्युटी म्हणून पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबराऐवजी कडक प्लास्टिकसारख्या मालाचे, जे नग खपवतात त्यांचंही हेच, रेस लावणाऱ्याला ठीक, पण आईवडिलांना घेऊन नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्याच्या गाडीत ते घालू नका.

म्हणून बनवणाऱ्याला नुसतं "क्वालिटी चांगली द्या" म्हणून भागत नाही, शोर ए मध्ये (रबराचा कडकपणा मोजायचं माप) हार्डनेस किती आणि त्यात मागंपुढं किती चालेल ते विचारा, साधारण पाच पॉइंट इकडंतिकडं लोक चालवून घेतात. नुसत्या हार्डनेसवर पण जाऊ नका, कारण रबराचा आकार आणि आतल्या फटी बदलल्या की त्याच हार्डनेसच्या रबराचा नग वेगळाच दाबला जातो. किती वजनाला किती मिलिमीटर दबतं याचा रिपोर्ट मागा, ओरिजिनल नगाचा आणि त्यांच्या नगाचा शेजारी शेजारी. ज्याच्याकडं हे मोजायचं मशीनच नाही तो अंदाजपंचे काम करतोय हे लगेच कळतं.

हायड्रॉलिक माउंटिंगचं तर वेगळंच रडगाणं आहे. बऱ्याच गाड्यांत, विशेषतः जरा वरच्या, इंजिन साइडच्या माउंटिंगच्या आत पातळ द्रव भरलेला असतो, आत दोन खण आणि मध्ये बारीक वाट. बाहेरून बघितलं तर साधं रबरच वाटतं. काही जण तेच बाहेरचं रूप ठेवून आत भरीव रबर ओततात आणि निम्म्या भावात देतात, बोल्ट बसतात, गाडी चालते, आणि आठवड्यानं तक्रार येते. मला असा एक नग करवतीनं कापल्यावर कळलं, तोवर १२ विकून झाले होते. तेव्हा ओरिजिनल हायड्रॉलिक असेल तर ऑर्डरवर तसं स्पष्ट लिहा आणि सॅम्पलमधला एक नग बिनधास्त कापून बघा, एका नगाचे पैसे गेले तर जाऊ देत.

सॅम्पलचा विषय निघालाच आहे तर, सॅम्पल एक आणि माल दुसरा हा प्रकार या धंद्यात नवीन नाही. सॅम्पल चांगल्या नॅचरल रबरचं, आणि लॉट निघतो तेव्हा त्यात जुन्या टायरचं रिक्लेम रबर कालवलेलं. आता मी सॅम्पलचे तीन नग घेतो, एक गाडीत घालून हजारभर किलोमीटर चालवतो, एक कापतो, एक दोघांच्या सह्या करून सीलबंद ठेवतो. माल आला की प्रत्येक खोक्यातले दोन-तीन नग काढून हार्डनेस मीटर लावतो, हे मीटर फार महाग नसतं, नगाच्या सपाट आणि जाड भागावर लावायचं नाहीतर आकडा भलताच येतो. आणि बॅच नंबर रबरावर किंवा ब्रॅकेटवर उठवलेला पाहिजे, खोक्यावरचा स्टिकर काही कामाचा नाही, परत येणारा नग खोक्यातून येत नाही.

सर्टिफिकेटबद्दल थोडक्यात. आयएटीएफ १६९४९, म्हणजे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्यांचं क्वालिटीचं सर्टिफिकेट, आहे म्हणून लेटरहेडवर छापलेलं असतं, पण ते सर्टिफिकेट ठराविक पत्त्यावरच्या प्लांटचं असतं, त्यामुळं पत्ता जुळतो का आणि मुदत संपली नाही ना तेवढं बघा. लोगो घासून ओरिजिनलचाच माल म्हणून कोणी विकत असेल तर मी तरी लांब राहतो, तो खरा निघाला तरी नाकारलेला नग असू शकतो. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवर सरसकट १८ टक्के आहे, कोणी अजून २८ च्या हिशोबानं कोटेशन टाकत असेल तर विचारा.

आता परत आलेल्या नगांचं काय करायचं. भांडायच्या आधी नग वाचायला शिका, मी हे फार उशिरा शिकलो. रबर लोखंडापासून सुटलं असेल तर लोखंडाकडं बघा. लोखंड स्वच्छ, जणू रबर कधी चिकटलंच नव्हतं असं दिसलं तर चूक बनवणाऱ्याची, कारण साच्यात घालण्याआधी लोखंड नीट साफ करून त्यावर चिकटवणाचा हात द्यायचा असतो आणि तिथं कोणाचा तेलकट हात लागला तरी काम बिघडतं. पण लोखंडावर रबराचा थर तसाच राहून रबर मधूनच फाटलं असेल तर चिकटवण पक्कं होतं, मग एकतर रबर हलकं होतं नाहीतर त्याच्यावर नको तेवढा ताण आला होता. रबर फुगलेलं, मऊ, हाताला बुळबुळीत लागलं तर वरून ऑइल गळतंय, नॅचरल रबरला इंजिन ऑइल अजिबात सोसत नाही, तिथं दहा माउंटिंग बदलली तरी तेच होणार, आधी गळती काढा.

ताणाचं कारण बहुतेक वेळा आमचा मेकॅनिकच असतो. इंजिन जॅकवर वाकडं टांगलेलं, आणि हा गडी गन लावून बोल्ट आवळून टाकतो, म्हणजे रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं. बोल्ट आधी सैल लावायचे, जॅक काढून इंजिनचं वजन माउंटिंगवर येऊ द्यायचं, इंजिन जरा हलवून जागेवर बसू द्यायचं आणि मग टॉर्क बघून आवळायचे. दुसरं, तीनपैकी एकच नवं घालायचं आणि बाकी दोन मेलेली तशीच ठेवायची, मग सगळा भार त्या बिचाऱ्या एकावर. आणि कधी कधी माउंटिंगचा काही संबंधच नसतो, एक इंजेक्टर किंवा कॉइल गेलेली असते आणि इंजिनच अडखळत असतं. ऑटोमॅटिक गाडी असेल तर बॉनेट उघडून, एकानं आत बसून हँडब्रेक आणि फूटब्रेक दोन्ही लावून गिअर डी आणि आर मध्ये टाकायचा आणि दुसऱ्यानं इंजिन किती उचलतंय ते बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या पुढं नाही हं. ठक् आवाज येऊन इंजिन उडी मारत असेल तर माउंटिंग नाहीतर टॉर्क रॉड गेलाय. इंजिन जागेवर पण थरथर चालू असेल तर आधी स्कॅनर लावा.

म्हणून आता क्लेम घेताना माझ्या काउंटरवर एक फॉर्म आहे: गाडीचं इंजिन, बसवल्याची तारीख, किलोमीटर, बॅच नंबर, काढायच्या आधी गाडीतच घेतलेला फोटो आणि काढल्यावर दोन्ही बाजूंचा फोटो. सुरुवातीला गॅरेजवाले वैतागले, म्हणाले रबराच्या तुकड्यासाठी पासपोर्टचा फॉर्म भरतोय का आम्ही. पण दुसऱ्या लॉटमध्ये सात नग परत आले तेव्हा मी बनवणाऱ्याला फोटो पाठवले, चार त्यांनी एका शब्दात मान्य केले आणि क्रेडिट नोट दिली, उरलेल्या तिनांवर ऑइल दिसत होतं, ते मी मागितलेच नाहीत. लेबरचे पैसे मात्र अजून कोणी देत नाही, नगाला नग एवढंच, त्यामुळं ते आधीच बोलून ऑर्डरवर लिहून घेता आलं तर घ्या, मला अजून जमलेलं नाही.