सीओटूची खोली सुरू करण्याआधी

सूर चिडका लागला तर सांभाळून घ्या. गांजाची झाडं जोमानं वाढावीत म्हणून बंद खोलीत सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, सोडतात. ही यादी मी अशाच एका फ्लॉवर रूममध्ये, म्हणजे झाडं फुलवण्याच्या खोलीत, स्वतः गुडघ्यावर आल्यानंतर केली आहे, आणि ज्या एका गोष्टीमुळे तसं झालं ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. पहिल्यांदा इथेच: मीटरचा डिस्प्ले दाराबाहेर लावा.

मी ऑन्टॅरिओत लायसन्स असलेल्या एका छोट्या युनिटमध्ये काम करतो. कॅनडात गांजा १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे. गावाकडून 'आपल्याकडेही करता येईल का' असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर एकच: एनडीपीएस, १९८५, म्हणजे भारताचा अमली पदार्थविरोधी कायदा. विषय संपला. इथे घरी चार झाडं लावणाऱ्यांनीही सीओटूच्या नादाला लागू नये. चार झाडांना तो लागत नाही, आणि तळघरात साठलेला गॅस शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला विचारून येत नाही.

आधी खोली बघा. प्रकाश भरपूर नसेल तर सीओटू म्हणजे नुसता खर्च. एक्झॉस्ट सतत चालू असेल तर तुम्ही पैसे मोजून अंगणात गॅस सोडताय. म्हणून खोली बंद लागते, आणि खोली बंद झाली की धोका सुरू होतो. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, झाडांना १,००० ते १,२०० पुरतो, १,५०० च्या वर फारसं काही हाती लागत नाही. माणसासाठी आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा ५,०००, थोड्या मिनिटांसाठी ३०,०००, आणि ४०,००० ला थेट जिवाला धोका. झाडाच्या आकड्यात आणि माणसाच्या आकड्यात अंतर मोठं दिसतं, म्हणूनच लोक निवांत राहतात. मीही राहिलो होतो.

हिशोब एकदा कागदावर करा, म्हणजे निवांतपणा जाईल. आमची खोली सहा बाय पाच मीटर, उंची तीन, म्हणजे ९० घनमीटर. ती ४२० वरून १,००० वर न्यायला शंभर ग्रॅमसुद्धा गॅस लागत नाही. आणि दाराशी उभ्या सिलिंडरमध्ये असतो २२.७ किलो. तो अख्खा बंद खोलीत सुटला तर हवेत बारा-तेरा टक्के सीओटू होतो. दहा टक्क्यांत माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो.

आता माझी गोष्ट. रेग्युलेटर बसवताना गळती नको म्हणून मी आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली. नळाला गुंडाळतो तशी, सवयीनं. तिचा नखाएवढा तुकडा सुटून सोलेनॉइडच्या, म्हणजे विजेवर उघडमीट होणाऱ्या व्हॉल्व्हच्या, सीटवर जाऊन बसला आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटेना. रात्रभर गॅस झिरपत राहिला. सकाळी मी दार उघडून आत गेलो, खालच्या ट्रेचा ड्रेन बघायला वाकलो, आणि तीन जिने पळत चढल्यासारखी धाप लागली. डोकं जड झालं, गुडघे टेकले. नशीब एवढंच की दार मागे उघडं होतं आणि मी त्याच्यापासून दोन पावलांवर होतो. बाहेर येऊन भिंतीला टेकून बसलो, तेव्हा आतून बारीक टीटी-टीटी ऐकू आलं. अलार्म वाजत होता. तो कधीपासून वाजत होता कोण जाणे! इन्सुलेशनचं जाड दार, आत आठ पंखे, आणि अलार्म पलीकडच्या भिंतीवर. उघड्या दारातून आकडा दिसला: २८,०००.

म्हणजे मीटर होता, चालू होता, खरं सांगत होता. फक्त तो वाचायला आत जावं लागत होतं. याच्याइतका मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही. म्हणून सेन्सर आत, आणि आकडा, दिवा, भोंगा सगळं दाराबाहेर, कडीच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर. कडीला हात घालण्याआधी नजर तिथे पडलीच पाहिजे. दुसरं दार असेल तर तिथे दुसरा डिस्प्ले. 'मोबाइलवर नोटिफिकेशन येतं की' असं म्हणू नका. सकाळी सहाला मोबाइल जॅकेटात असतो आणि जॅकेट गाडीत.

अलार्मचा सेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा, कारण हा गॅस हवेच्या दीडपट जड आणि सिलिंडरमधून थंडगार निघतो, खाली साठतो. कंट्रोलरचा, म्हणजे आकडा बघून गॅस सोडणाऱ्या यंत्राचा, सेन्सर वेगळा, तो झाडांच्या उंचीवर. एकाच सेन्सरवर दोन्ही कामं टाकू नका, कारण तोच चुकला तर चूक पकडणारं कुणी उरत नाही. आणि तो चुकतो. बऱ्याच स्वस्त सेन्सरमध्ये स्वतःला जुळवून घेण्याची सोय असते: आठवड्याभरात दिसलेला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची ताजी हवा असं ते धरून चालतात. ऑफिसात ठीक आहे, रात्री सगळे घरी जातात. तुमच्या बंद खोलीत ताजी हवा येतच नाही, मग सेन्सर ८०० ला ४०० समजायला लागतो आणि कंट्रोलर खुशाल जास्त गॅस सोडतो. ती सोय बंद करा आणि ठरावीक दिवसांनी कॅलिब्रेट करा.

ऑक्सिजन मीटरवर भागवू नका. तो १९.५ टक्क्यांना ओरडतो. सीओटू चार टक्के, म्हणजे ४०,००० झाला तरी ऑक्सिजन २०.९ वरून जेमतेम २० वर आलेला असतो. मीटर गप्प, तुम्ही आडवे. घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही इथे उपयोगाचा नाही. नावात कार्बन आहे म्हणून लोक तोच आणतात, दुकानदारही देतो.

सिलिंडर. उभा, साखळीनं बांधलेला, खोलीच्या बाहेर. हीटर नाही, ऊन नाही, कारण ३१ अंशांच्या वर आतलं द्रव द्रव राहत नाही, दाब भराभर चढतो आणि सेफ्टी डिस्क फुटली की सगळा गॅस एका दमात बाहेर. रेग्युलेटरवरच्या दाबाच्या काट्यावर भरवसा नको. आत थेंबभर द्रव असेपर्यंत काटा जागचा हलत नाही. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा आणि रोज वजन लिहा. त्या रात्री आमचा साडेचार किलोनं उतरला होता. रोजचा आकडा पाव किलोचाही नसे, वहीत लिहिला असता तर दार उघडण्याआधी कळलं असतं. वॉशर दर वेळी नवा. टेप अजिबात नाही, तिथला सील वॉशर करतो, आटे नाही. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. सोलेनॉइड नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे वीज गेली की बंद होणारा. आणि एक नाही, एकामागे एक दोन लावा. कचरा दोघांत एकाच वेळी सहसा अडकत नाही.

प्रोपेनवर चालणारे सीओटूचे बर्नर मी वापरत नाही, त्यामुळे थोडक्यात: ज्योत, उष्णता, बाष्प, आणि जळण नीट झालं नाही तर कार्बन मोनॉक्साइड. तिथे मात्र तो दुसरा अलार्म लागतोच, सीओटूच्या अलार्मच्या जोडीला.

वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. दिवे बंद तर गॅस बंद, अंधारात झाड तो घेत नाही. एक्झॉस्ट चालू तर गॅस बंद. ५,००० झाले की गॅस बंद आणि एक्झॉस्ट आपोआप फुल. एक्झॉस्टचं तोंड जमिनीलगत, आणि त्याचं बटण? बाहेर. मीटर जिथे आहे तिथेच, मीटरच्या शेजारी, दाराबाहेर.

माणसं. आमचे आजोबा जुन्या विहिरीत उतरण्याआधी दोरीला बांधून कंदील खाली सोडायचे. विझला तर उतरायचं नाही. चांगली पद्धत, पण तेवढ्यावर इथे विसंबू नका. कंदील विझण्याइतका सीओटू होईपर्यंत माणूस कधीच पडलेला असतो. त्याच विहिरींची दुसरी गोष्ट मात्र जशीच्या तशी लागू पडते. पहिला पडला म्हणून दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. गाळ काढताना, सेप्टिक टँकमध्ये, गोबरगॅसच्या टाकीत, दर वर्षी हीच बातमी येते. खोलीत कुणी पडलेलं दिसलं तर आत धावायचं नाही. बाहेरून गॅस बंद, एक्झॉस्ट चालू, ९११ या इथल्या आपत्कालीन नंबरला फोन. फायर ब्रिगेड श्वासाची टाकी पाठीला लावून येते, तुमच्याकडे ती नाही. नवीन माणसाला हे पहिल्या दिवशी सांगा, आणि त्याच्याकडून म्हणवून घ्या. आमच्याकडच्या एका पोरानं 'श्वास रोखून ओढत आणीन की' असं उत्तर दिलं होतं. ऐंशी किलोचा माणूस ओढताना श्वास किती वेळ रोखता येतो ते त्याला आम्ही पार्किंगमध्ये करून दाखवायला लावलं. दहा पावलंही झाली नाहीत.

एकट्यानं आत जायचं नाही. डोकं दुखलं, धाप लागली, की बाहेर. चर्चा नंतर.

बाकी पटापट. दारावर पाटी, लोकांना समजेल त्या भाषेत. आमच्याकडे इंग्रजी, पंजाबी, स्पॅनिश. गॅस खालच्या मजल्यावर जाईल अशी फट, पाइपाचं भोक, सगळं बुजवा. कापणीच्या आठवड्यात गॅस बंद ठेवा, माणसं दिवसभर आत असतात. फवारणी, साफसफाई, तेव्हाही बंद. अलार्मला बॅटरी बॅकअप. महिन्यातून एकदा सेन्सरवर तोंडानं फुंकर मारा. सोडलेल्या श्वासात चार टक्क्यांच्या आसपास सीओटू असतो, अलार्म वाजलाच पाहिजे. एक जण आत फुंकर मारेल, दुसरा दार लावून बाहेर उभा राहील. भोंगा बाहेर ऐकू आला का, आकडा बाहेर चढताना दिसला का. नसेल दिसला तर मुख्य व्हॉल्व्ह फिरवून बंद करा आणि त्या दिवशी गॅस सोडू नका.