इंग्रजी वाक्प्रचार शिकायचेत? आधी स्वतःचं मराठी बोलणं टिपा

वाक्प्रचारांची यादी पाठ होते, पण ऐनवेळी तोंडात येत नाही. यादीत अर्थ असतो. कोण, कुणाला, कधी म्हणतं ते नसतं. म्हणून उलटीकडून सुरुवात करा. दिवसभरात कोल्हापूरच्या केएमटी बसमध्ये, कामावर, घरी आपण मराठीत वारंवार काय म्हणतो ते टिपा आणि त्या जागी इंग्रजीत काय म्हणतात ते शोधा.

आठवड्याला पाच पुरे. पहिल्या आठवड्यासाठी हे घ्या:

'आज जरा कसनुसं होतंय' – आय ॲम अ बिट अंडर द वेदर.
'बास झालं आजच्यापुरतं' – लेट्स कॉल इट अ डे.
'काय होतंय ते कळवत राहा' – कीप मी पोस्टेड.
'विचार करून उद्या सांगतो' – लेट मी स्लीप ऑन इट.
'हा तर डाव्या हाताचा खेळ' – इट्स अ पीस ऑफ केक.

वहीत प्रत्येकासमोर पूर्ण वाक्य लिहा आणि ते कुठं चालत नाही तेही लिहा. हा दुसरा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तिथंच फसतात. 'अंडर द वेदर' सर्दी-पडशाला, अंग मोडून आल्यावर ठीक. ऑपरेशन झालेल्या माणसाबद्दल म्हटलं तर थट्टा वाटेल. 'स्लीप ऑन इट' म्हटलं की समोरचा दुसऱ्या दिवशी खरंच उत्तराची वाट बघतो. सराफांच्या गुजरीत दागिना परत ठेवताना आपण म्हणतो ते 'बघतो, सांगतो' निराळं, तिथं कुणी वाट बघत नसतं!

आता संवाद. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत परदेशी ग्राहकाचा फोन आलाय असं धरा:

– कॅन यू गिव्ह मी अ बॉलपार्क फिगर?
– समव्हेअर अराउंड 400 रुपीज अ पीस. आय विल कन्फर्म वन्स आय सी द ड्रॉइंग.
– फाइन. जस्ट डोन्ट कट कॉर्नर्स ऑन द फिनिशिंग.
– वी वोन्ट. आय विल कीप यू पोस्टेड.

'बॉलपार्क फिगर' म्हणजे अंदाजे आकडा. बॉलपार्क हे बेसबॉलचं मैदान, त्यामुळं हा शब्द अमेरिकेतून आलेला. अंदाज सांगितल्यावर 'ड्रॉइंग बघून पक्कं सांगतो' हे लगेच जोडा, नाहीतर तोच तुमचा दर धरला जाईल. 'कट कॉर्नर्स' म्हणजे वेळ किंवा पैसा वाचवायला कामात कसर ठेवणं. यात 'कॉर्नर्स' नेहमी अनेकवचनी, आणि कशात कसर ते सांगायला पुढं 'ऑन'. 'कीप मी पोस्टेड'मधलं 'मी' बदलून 'यू', 'हिम', 'अस' होतं. बाकी काही हलवायचं नाही.

हाच संवाद दोघांनी मोठ्यानं तीनदा म्हणा. पहिल्यांदा बघून, दुसऱ्यांदा भूमिका बदलून, तिसऱ्यांदा विषय बदलून: कास्टिंगच्या जागी चपलांची ऑर्डर, नाहीतर लग्नाचं जेवण. तिसरी फेरी सर्वांत महत्त्वाची, कारण विषय बदलला की पाठांतर उघडं पडतं. दहा मिनिटांत होतं. त्याच संध्याकाळी, तिसऱ्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात परत एकदा म्हणा.

उच्चारात एवढं बघा, की शब्द सुटे सुटे म्हणू नका. 'पीस ऑफ केक' बोलताना 'पीसव्केक' असं एका दमात येतं. ऐकताना ओळखू न येण्याचं कारण बहुधा हेच.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो मराठी वाक्प्रचार डोक्यात असल्यामुळं. आपल्याकडं पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं. 'पुलिंग माय लेग' मात्र नुसती चेष्टा. आपण हात धुवून मागं लागतो, इंग्रजीत 'आय वॉश माय हँड्स ऑफ इट' म्हणजे अंग काढून घेणं, म्हणजे बरोब्बर उलटं. कान भरणं म्हणजे चहाडी, पण 'आय गॉट ॲन इयरफुल' म्हणजे माझी कानउघाडणी झाली. 'डोकं खाऊ नको'चं शब्दशः इंग्रजी बाहेर कुणाला कळत नाही. 'यू आर ड्रायव्हिंग मी अप द वॉल' म्हणा, तेही फक्त मित्राला. आगीत तेल ओतणं, जखमेवर मीठ चोळणं आणि नाक खुपसणं यांचे इंग्रजी भाऊ मात्र जवळजवळ तसेच आहेत, ते आधी उचला.

'सेकंड टू नन' ऐकून दुय्यम समजू नका. जगात भारी, असा त्याचा अर्थ. 'ब्रेक अ लेग' ही शुभेच्छा रंगमंचावर जाणाऱ्यासाठी आहे, खासबागेत उतरणाऱ्या पैलवानाला चुकूनही नको. शाळेत शिकवलेलं 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' आता जुनाट वाटतं. जुलैतल्या पावसाला साधं 'इट्स पोअरिंग' पुरतं.

खेळातले वाक्प्रचार कोल्हापूरकरांना लवकर जमतात. पेठांचा फुटबॉल बघणाऱ्याला 'ओन गोल', म्हणजे आपल्याच हातानं आपलं नुकसान, समजवावा लागत नाही. 'मूव्हिंग द गोलपोस्ट्स' म्हणजे काम निम्म्यात आल्यावर अटी बदलणं. क्रिकेटमधलं 'स्टिकी विकेट', म्हणजे अडचणीची परिस्थिती, ब्रिटिश माणसाला कळेल, अमेरिकनाला बहुधा नाही.

एका संभाषणात एक-दोन वाक्प्रचार बास. करारनाम्यात, तक्रारीच्या पत्रात एकही नको. आणि समोरच्यानं वापरलेला कळला नाही तर मान डोलावू नका. 'सॉरी, व्हॉट डू यू मीन बाय दॅट?' एवढं सरळ विचारा, आणि जे उत्तर येईल ते वहीत लिहून घ्या.