नॅशनल ट्रस्टच्या जुन्या घरांत व्हॉलंटियरिंग: नेमकं कसं करायचं

यूकेत आल्यावर नॅशनल ट्रस्टची (जुनी घरं आणि बागा सांभाळणारी इथली संस्था) मेंबरशिप काढून रविवारी डबा घेऊन त्यांच्या बागेत जाऊन बसणारे आपल्यातले खूपजण आहेत, पण त्याच घरात आत काम करता येतं हे फार कमी लोकांच्या डोक्यात येतं, आणि ज्यांच्या येतं त्यांना वाटतं की त्यासाठी इंग्लंडचा सगळा इतिहास पाठ पाहिजे. अजिबात नाही. मी तीन वर्षं एका घरात जातेय (नाव मुद्दाम सांगत नाही) आणि अजूनही सगळे जॉर्ज राजे माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळतात.

आधी व्हिसाचं बघून घ्या, कारण स्टुडंट व्हिसावर ‘व्हॉलंटियरिंग’ आणि ‘व्हॉलंटरी वर्क’ या दोन वेगळ्या गोष्टी धरतात. दुसऱ्यात कराराचं बंधन असतं आणि ते तास टर्ममधल्या कामाच्या तासांत मोजले जातात, डिग्रीवाल्यांना आठवड्याला 20 ची लिमिट असते ना, त्यात. युनिव्हर्सिटीला एक मेल टाकून विचारलेलं बरं. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर रजिस्टर्ड चॅरिटीसाठी जास्तीत जास्त 30 दिवस चालतं, आणि ट्रस्ट चॅरिटीच आहे, 1895 पासूनची.

मग ट्रस्टच्या साइटवर व्हॉलंटियर सेक्शनमध्ये आपल्या जवळची कामं शोधा. हाउन्सलोकडे राहत असाल तर ऑस्टर्ली पार्क पिकॅडिली लाइनवरच आहे, रीडिंगवाल्यांना बेसिल्डन पार्क जवळ पडतं. बाकी बरीचशी घरं अशा आडगावी आहेत की रविवारी बस नाही, तेव्हा गाडी नसेल तर आधी टाइमटेबल बघा आणि मगच फॉर्म भरा. प्रवासखर्च देतात का, किती मैलांपर्यंत, हे पहिल्याच भेटीत विचारा, लाजू नका. त्या भेटीला इंटरव्ह्यू म्हणायचं खरं, पण चहा पीत गप्पाच असतात. फक्त ‘दर शनिवारी येईन’ असं उत्साहाच्या भरात बोलू नका, महिन्यातून दोन दिवस म्हणा आणि ते दोन पाळा.

कामं बरीच असतात: खोलीत उभं राहून लोकांना माहिती देणं, बाग, पार्किंगला स्वागत, जुन्या पुस्तकांचं दुकान. सगळे रूम गाइडकडे धावतात. माझं म्हणणं, साफसफाईचं काम मिळत असेल तर तेच घ्या. हो, धूळच झटकायची, पण आपण दिवाळीला झटकतो तशी नाही. सोनेरी मुलाम्याच्या फ्रेमला पोनीच्या केसांचा मऊ ब्रश, लाकडाला वेगळा, आणि ब्रशने धूळ उडवायची नाही तर दुसऱ्या हातात धरलेल्या व्हॅक्युमच्या तोंडाकडे हळूहळू न्यायची, त्या तोंडाला जाळीचं कापड बांधलेलं, म्हणजे मुलाम्याचा कण निघालाच तर कापडावर सापडतो, व्हॅक्युमच्या पोटात जात नाही. पहिल्या दिवशी एका फ्रेमला मला पाऊण तास लागला. माझ्या सासूबाईंनी तेवढ्यात अख्खं घर आवरलं असतं.

हे करताना घर कळायला लागतं. पडदे अर्धे का ओढलेले, तर कापडाला साधारण 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड नको म्हणून. खोल्या इतक्या गार का, तर तिथलं हीटिंग माणसांसाठी नसतंच, हवेतली आर्द्रता आटोक्यात ठेवण्यासाठी असतं, नाहीतर लाकूड तडकतं. तेव्हा आतून थर्मल घाला. खुर्चीवर वाळलेलं काटेरी बोंड ठेवलेलं दिसतं, ते डेकोरेशन नाही, कोणी बसू नये म्हणून आहे, आणि ‘कृपया बसू नका’ या पाटीपेक्षा ते शंभरपट चालतं. खिशात पेन्सिल ठेवा, पेन नको, शाईचा डाग पडला तर निघत नाही. मी पहिल्या आठवड्यात नोंद करायला बॉलपेन काढलं तर सत्तरीच्या एका आजींनी ते अलगद माझ्या हातातून काढून घेतलं आणि पेन्सिल ठेवली, एक शब्द न बोलता.

आता आपल्या लोकांना हमखास येणारा प्रसंग. ‘हे सगळं इंडियातून लुटलेलं आहे का?’ असं कुणीतरी विचारणारच, आणि तुमचा चेहरा बघून तुम्हालाच विचारणार. गुळमुळीत बोलू नका आणि भाषणही देऊ नका, त्या घराचं जे खरं आहे ते सांगा. बेसिल्डन पार्क बांधणारा फ्रान्सिस साइक्स ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, मुर्शिदाबादच्या दरबारात रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, होता, पैसा तिथूनच आला. वेल्समधल्या पोइस कॅसलमध्ये टिपू सुलतानचा तंबू आहे, छिटाच्या कापडाचा. इंग्रजीतला ‘चिंट्झ’ शब्द आपल्या छिटाशीच जोडलेला आहे, हे सांगितलं की गोऱ्या आजी-आजोबांचे चेहरे बघण्यासारखे होतात. ट्रस्टने 2020 मध्ये वसाहतवाद आणि गुलामगिरीशी संबंध असलेल्या आपल्या 93 जागांचा रिपोर्ट काढला, त्यावरून इथे चांगलाच गदारोळ झाला होता. तो ऑनलाइन फुकट आहे, तुमचं घर त्यात आहे का ते जॉइन होण्याआधी बघून ठेवा. उत्तर माहीत नसेल तर ‘बघून सांगते’ म्हणा, नोंदवहीत लिहा, पुढच्या वेळी कुणीतरी शोधून ठेवलेलं असतं.

आणि भारतात जायच्या तारखा आधीच सांगा. आपण डिसेंबर-जानेवारीत तिकिटं काढतो, आणि बऱ्याच घरांत मोठी साफसफाई नेमकी हिवाळ्यातच, घर बंद असताना होते. गालिचे गुंडाळतात, झुंबर खाली उतरवतात, एकेक लोलक पुसतात. पहिल्या वर्षी मी तेव्हा पुण्यात लग्नं जेवत होते, परत आले तर झुंबर पुन्हा वर टांगलेलं.